कांपो एलियासची मूठ

कांपो एलियास ग्वीओ हा आमच्या ला चोरेरा गावातला असा माणूस, की त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. हे मी कौतुकानं म्हणतेय. पहाटे उठायचा, गायींची धार काढायचा, दुधाचे कॅन रस्त्यावर आणून ठेवायचा, दूधगाडी गेली की घरी जाऊन बटाट्याचं सूप प्यायचा. रविवारी माझ्या मैदानात तेहो खेळायचा. बोलणं इतकं कमी, की लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हा त्यानं नुसती मान हलवली, आणि पाद्र्याला तेवढ्यावर भागवावं लागलं.

तेहो म्हणजे लोखंडाची जड चकती, खेळाचं नावही तेच. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ओल्या चिकणमातीची पेटी असते, मातीत लोखंडी कडं रुतवलेलं, कड्यावर फटाक्याच्या टिकल्या. चकती नेमकी बसली की धडाम! हे मैदान माझ्या नवऱ्यानं बांधलं. तो गेला आणि मैदान माझ्या गळ्यात पडलं. मी बिअर विकते, माती ओली ठेवते आणि पुरुषांची बडबड ऐकते. यातलं तिसरं काम सगळ्यात कष्टाचं.

बाकीचे फेकताना ओरडतात, दात-ओठ खातात, एक पाय हवेत घेतात. कांपो एलियास नुसता उभा राहायचा, हात मागे न्यायचा, पुढे आणायचा. चकती कधी गेली कळायचंही नाही, आवाजच यायचा. "फेकण्यात काही नाही, वेळेवर सोडलं पाहिजे," असं तो एकदा म्हणाला होता. त्याच्या मानानं ते भाषणच होतं.

आता फळीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन अडलं. माझ्या काउंटरच्या मागे, कार्मेनच्या पवित्र मातेच्या तसबिरीखाली एक फळी आहे. ज्याचा खेळ संपला त्याचा तेहो तिथं ठेवायचा, आणि एकदा ठेवला की परत खाली काढायचा नाही. माझ्या नवऱ्याचा तिथं आहे. बहुतेक सगळे मेलेल्यांचेच आहेत. जिवंतपणी फक्त एवारिस्तोचा गेला, त्याचे डोळे गेले म्हणून. त्यानंतर एवारिस्तो रविवारचा यायचा बंद झाला, मग जेवायचा बंद झाला, आणि पुढच्या लागवडीआधी गेलाच. डॉक्टर काहीतरी पोटाचं म्हणाले. गावानं काय ते ओळखलं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी कांपो एलियासची पाळी आली. तो रेषेवर उभा राहिला, हात मागे नेला, आणि तेहो त्याच्याच पायाशी धप्पकन पडला. मैदान हसलं. हसणारच. आमच्याकडे बाटलीशिवाय तेहो कुणी खेळत नाही, त्यामुळे मैदानात कुणाचे पाय लटपटले, जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, तर त्याचं निदान एकच असतं.

"काय रे, आज पहिल्याच बाटलीत?" अनानियास ओरडला. अनानियास म्हणजे त्याचा चुलतभाऊ आणि संघाचा कप्तान. गावातला सगळ्यात मोठा आवाज त्याचा, आणि तो वापरायची त्याला कधी लाज वाटली नाही.

कांपो एलियास तेहो उचलायला वाकला. हात खाली लोंबकळला, पण बोटं काही हलली नाहीत. तो त्या हाताकडे बघत राहिला. दोघांनी त्याला धरून बाकावर बसवलं, अंगावर त्याची रुआना, म्हणजे लोकरीची घोंगडी, ओढली आणि म्हणाले, घे जरा झोप काढ. त्याची बायको रोसालबिना माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिच्या पोरीची मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. ती हशा ऐकून हात पुसत बाहेर आली, त्याच्यासमोर उकिडवी बसली, रुआना बाजूला केली. त्याच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती.

"यांनी अजून बाटली उघडलेलीच नाही," ती म्हणाली. "ती बघा, झाकणासकट उभी आहे. डोळे आहेत का कुणाला इथं?"

मग सगळ्यांना एकदम दिसायला लागलं. दूधगाडीत घालून त्याला तुन्हा शहरातल्या इस्पितळात नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला, उजवं अंग गेलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. गावात मात्र ठरलं की गरम सूप पिऊन थंड मातीत हात घातला म्हणून अंगात वारा शिरला. काही बायका अजूनही हेच सांगतात. मी समजावायचा नाद सोडलाय.

तो परत आला तो काठी घेऊन. पाय थोडा ओढत होता, पण चालत होता. बोलणं जड झालं होतं, पण मुळात ते इतकं थोडं की फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. उजवा हात मात्र गळ्यात बांधलेल्या फडक्यात नुसता पडून असायचा. गायी रोसालबिना बघायची.

नोव्हेंबरात अनानियास त्यांच्या घरी आला. टोपी हातात घेऊन आला, म्हणजे काम वाईट होतं. मी तिथंच होते.

"जूनमध्ये सान पेद्रोच्या सणाला पहिला तेहो संघातल्या सगळ्यात जुन्या गड्यानं टाकायचा असतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "जुना म्हणजे हाच. आणि जो टाकू शकत नाही, त्याचा... मी काही बोलत नाही. पण पोरं विचारतात, तेहोचं काय करायचं?"

"फळी नको," कांपो एलियास म्हणाला. लकव्यानंतर इतके स्पष्ट शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आले. बोलून झाल्यावर त्याचा एक डोळा गळायला लागला. तो त्या आजारानंही गळायचा, पण त्या दिवशी आजारानं गळत नव्हता.

रोसालबिनानं चुलीवरचं भांडं उतरवलं. "नियम काय आहे, तो नीट सांगा भावजी."

"पहिला तेहो टाकायचा."

"कुठवर?"

"कुठवर म्हणजे?"

"कड्यापर्यंत गेला पाहिजे असं आहे का?"

अनानियासनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तसं काही नाही, पहिला तेहो गुणांत धरतच नाहीत. माझ्या नवऱ्यानं एका वर्षी तो कोंबड्यांच्या खुराड्यात घातला होता आणि तोही चालला होता.

"मग झालं तर," रोसालबिना म्हणाली. "सगळ्यांसमोर, यांच्याच उजव्या हातानं, कुणी हात न लावता सुटला, की टाकला. कबूल?"

"कबूल. नाही सुटला तर मात्र..."

"कळलं. घ्या, सूप घ्या."

हे सगळ्यांना सोपं वाटलं. त्याच्या हातातून तेव्हा सगळंच सुटत होतं, चमचासुद्धा. सुटण्याची काळजी कोण करणार? सगळा घोर धरण्याचा होता.

नाताळाच्या सुमारास त्याची बोटं आपोआप आत वळायला लागली. देवा, काय आनंद झाला गावाला! अनानियासनं त्या मुठीत तेहो कोंबला आणि हात उलटा करून सोडून दिला. तेहो जागचा हलला नाही. "बघा, पोलाद झालंय पोलाद!" असं तो ओरडला ते खालच्या वस्तीपर्यंत ऐकू गेलं. त्या दिवसापासून संघाची पोरं रोज संध्याकाळी यायची, तेहो मुठीत द्यायची आणि ओढून बघायची. "आवळ गड्या, आवळ!" दिवसभर पिळायला गावातनं रबरी चेंडू आले. तेहो खेळणाऱ्यांना हाताबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते, पकड. पकड आली म्हणजे हात आला. कांपो एलियाससुद्धा आवळत बसायचा. मूठ जितकी घट्ट होईल तितका तो खूश.

जानेवारीत चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी पाद्री 'शांती असो' म्हणत, एकेकाशी हात मिळवत आमच्या बाकापाशी आला. तरुण आहे, मायाळू आहे. त्यानं कांपो एलियासच्या बंद मुठीत आपली चार बोटं सारली, आणि ती तिथंच राहिली. पाद्री हसला. मग थोडं ओढून बघितलं. मग हसायचा थांबला. पुढची अर्धी प्रार्थना त्यानं आमच्या बाकाशी उभं राहून डाव्या हातानं आशीर्वाद देत उरकली, आणि मागच्या लोकांना वाटलं कांपो एलियासचं काही मोठं पाप निघालंय. शेवटी रोसालबिनानं एकेक बोट सोलून काढावं तसं सोडवलं.

नंतर पाणी समितीची सभा झाली. नवा नळ अनानियासच्या कुरणातून न्यायचा की नाही, हा प्रश्न होता. अनानियास तासभर विरोधात बोलला. कांपो एलियासला जांभई आली. आता त्याचा हात मनानं उचलला जात नव्हता, पण जांभई आली की आपोआप वर जायचा, मूठ वळलेली, थेट डोक्यापर्यंत. अध्यक्ष नेमके तेव्हाच हात मोजत होते. ठराव एका मतानं मंजूर झाला. तो नळ आजही त्या कुरणातूनच जातो, आणि अनानियास आठवडाभर त्यांच्याकडे फिरकला नाही.

मग एका सकाळी त्याला वाटलं, एवढी पकड आहे तर धार काढून बघावी. डाव्या हातानं उजवी मूठ उघडून त्यानं गायीच्या सडावर बसवली. मूठ मिटली. पुढचं सांगायला नको. पाठीवर पडून आभाळाकडे बघत असलेला तो रोसालबिनाला सापडला. काहीतरी चुकतंय हे गायीला कळलं. आम्हाला कळायला सुलमा यावी लागली.

सुलमा तुन्हाची, फिजिओथेरपीवाली. दर गुरुवारी मोटरसायकलवरून आमच्या आरोग्य केंद्रात यायची. वय लहान, पण नजर शिक्षिकेची. अनानियासनं तिला कौतुकानं तेहोचा प्रयोग करून दाखवला. हात उलटा, तेहो जागच्या जागी.

"छान," सुलमा म्हणाली. "आता त्यांना सोडायला सांगा."

एवढ्या महिन्यांत सोड असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं.

"सोड रे," अनानियास म्हणाला.

कांपो एलियासनं प्रयत्न केला. मान ताणली, चेहरा लाल झाला. हात कोपरात वाकत वाकत छातीशी आला आणि मूठ आणखी घट्ट झाली.

"अजून जोर लाव!"

"तुम्ही आणखी एक शब्द बोललात तर बाहेर काढीन," सुलमा अनानियासला म्हणाली. आजवर हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो खरंच गप्प बसला.

मग तिनं समजावलं, आणि माझ्यासारखीला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. "काका, बटाटे काढायला तुम्ही टोळ्या बोलावता ना? तशाच स्नायूत टोळ्या असतात. एकेका नसेच्या हाताखाली धाग्यांची एकेक टोळी. हलकं काम असलं की मेंदू लहान टोळी बोलावतो. जड असलं की आणखी एक, मग मोठी, अशा चढत्या क्रमानं. आणि काम झालं की बसा म्हणतो. मेंदू हा मुकादम आहे. तुमच्या मुकादमाचा आवाज आता शेतापर्यंत पोचत नाही."

"मग टोळ्या बसून राहतील," मी म्हटलं. "माझ्या तर मुकादम असतानाही बसतात."

"उघडणाऱ्या बसल्यात. ज्या उठतात त्या हळू चालतात, लवकर दमतात. पण मिटणाऱ्या टोळ्या हुकमाशिवायच खणत बसल्यात, त्यांना थांबा म्हणणारं कुणी नाही. आणि काकांनी जोर लावून 'उघड' म्हटलं, की त्या गोंगाटात दोन्हीकडच्या एकदम उठतात. मग जो दांडगा तो जिंकतो." तिनं रबरी चेंडू उचलून खिशात टाकले. "हा ताठरपणा आहे काका, ताकद नाही. आणि तुम्ही सगळे मिळून त्यालाच खाऊ घालताय."

तिनं त्याचं मनगट हळूच खाली वाकवलं, अंगठा बाजूला घेतला, थांबली, पुन्हा थोडं. मूठ उघडली. आतला तळवा पांढरा, ओलसर पडला होता, त्यावर नखांच्या खुणा होत्या.

"हे मी रोज बघते," रोसालबिना म्हणाली. "कोमट पाण्यात धरून उघडते, धुते, पुसते. रोज कठीण होत चाललंय. मला वाटायचं, इतकं कठीण जातंय म्हणजे यांना बरं वाटतंय." आणि ती रडली. लकवा आला त्या रविवारी रडली नव्हती.

"पहिल्यासारखा होईल का?" तिनं मग विचारलं.

"नाही," सुलमा म्हणाली. "मेंदूचा जो भाग गेला तो गेला. शेजारचे थोडं काम शिकतात. किती शिकतील ते मी सांगू शकत नाही."

मार्चपासून त्या घरात वेगळंच सुरू झालं. टेबलावर फडकं ठेवून दोन्ही हातांनी पुसायचं. कोमट पाण्यात हात, मनगट खाली, श्वास सोडायचा आणि श्वासाबरोबर बोटं सोडायची. जोर लावायचा नाही. आमच्या गावात हे कुणाला सांगून बघा! इथं दार उघडेना तर लाथ घालतात, गाय हलेना तर ढकलतात. कांपो एलियास आयुष्यभर जोर न लावता तेहो टाकत आला, पण आता त्याचीही पंचाईत व्हायची, कारण हवंसं वाटलं की मूठ आवळायची. जितकं हवंसं वाटेल तितकी घट्ट. अनानियासला बसायची परवानगी होती, पण तोंडावर हात ठेवून. तो रोज यायचा आणि तसाच बसायचा.

एखाद्या दिवशी अंगठा हलायचा. दुसऱ्या दिवशी काही नाही. थंडी पडली की काही नाही, दमला की काही नाही, घरात भांडण झालं की आठवडाभर काही नाही. रोसालबिनानं काचेचे पेले उचलून ठेवले आणि पत्र्याचे काढले. पेला खाली पडला की ती स्वयंपाकघरातून "शाब्बास!" म्हणायची. शेजारणींना वाटलं हिचं डोकं फिरलं. जूनपर्यंत तो मक्याचं कणीस सोडायला शिकला होता. तेहो नाही. जड वस्तू हातात आली की त्या मेल्या टोळ्या सगळ्या जमा व्हायच्या. सणाच्या आदल्या दिवशीसुद्धा तेहो सुटला नाही. मी काउंटरमागच्या फळीवर एक जागा पुसून ठेवली. धूळ फार झाली होती.

सान पेद्रोच्या दिवशी मैदान गच्च भरलं, काउंटरवर माझा रेडिओ मोठ्यानं गात होता. कांपो एलियास नवी टोपी घालून काठी टेकत रेषेवर आला. काठी रोसालबिनाकडे दिली. डाव्या हातानं उजवी मूठ उघडली, तेहो आत ठेवला. मूठ मिटली. हात खाली सोडला आणि उभा राहिला.

काही झालं नाही.

"सोड!" कुणीतरी ओरडलं. "जोर लाव गड्या! होऊन जाऊ दे!" सगळं मैदान ओरडायला लागलं, सगळ्यांना मनापासून तो सुटायला हवा होता. त्याचा हात वाकायला लागला, छातीकडे चढायला लागला. त्याचा चेहरा मला दिसत होता. तो फळीकडे बघत होता.

"कोमाद्रे, ते गाणं बंद करा," रोसालबिना म्हणाली. मी वायरच उपटली. मग ती मैदानाकडे वळली. "सगळे गप्प बसा. जो बोलेल त्याचं तोंड मी चिकणमातीनं लिंपीन."

माझं मैदान नवऱ्याच्या मयतानंतर पहिल्यांदाच शांत झालं. खुराड्यातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता. अनानियास त्याच्या शेजारी सरकून तोंडावर हात ठेवून उभा राहिला, घरी बसायचा तसा. कांपो एलियासनं डोळे मिटले. श्वास सोडला. हात हळूहळू खाली आला. मनगट वळलं. अंगठा हलला, मूठ थरथरली, पुन्हा मिटली. त्यानं पुन्हा श्वास सोडला, लांब. त्याला घाई नव्हती, किंवा असली तरी त्यानं ती कुठंतरी ठेवून दिली होती. करंगळी सुटली. तिच्या शेजारचं बोट सुटलं.

धप्प.

तेहो अनानियासच्या पायावर पडला. त्याचा हात तोंडावरच होता, म्हणून पहिली किंकाळी आतच राहिली. दुसरी तुन्हापर्यंत गेली असेल. आणि मग सगळं मैदान ओरडलं. ऑक्टोबरात याच आवाजाला जे हसले होते ते सगळे ओरडत होते, टोप्या मातीत फेकत होते. मी काउंटरवर डोकं टेकून रडले, खोटं कशाला सांगू.

कांपो एलियास ओरडला नाही. तो आपला तळवा बघत होता. उघडा, बोटं अर्धी वाकडी, थरथरणारी. इतक्या महिन्यांत तो तळवा रोसालबिनाच रोज उघडून बघत आली होती. हात पुन्हा मिटायला लागला होता, आणि मिटायच्या आत तिनं त्यात आपला हात ठेवला. मूठ मिटली, घट्ट.

बक्षीस समारंभ झाला, अनानियासच्या पायाच्या अंगठ्याला पट्टी बांधून झाली, तरी ती दोघं तशीच बाकावर बसून होती. रोसालबिना डाव्या हातानं बिअर पीत होती, तिची बोटं त्याच्या मुठीत पांढरी पडली होती. मी जवळ गेले.

"कोमाद्रे, सोडवू का?"

"राहू दे," ती म्हणाली. "सुटतो तो आता. बघितलंत ना."